नळसाहेबांना दिलासा मिळतो

कायदा मंजूर झाला मंगळवारी दुपारी, आणि बुधवारी सकाळी सव्वासात वाजता तो नळसाहेबांच्या घरात लागूही झाला. विधिमंडळाने त्यासाठी अजून दोन महिन्यांची मुदत ठेवली होती. पण ती गोष्ट बातमीच्या शेवटच्या ओळीत होती, शेवटची ओळ आतल्या पानावर होती, आणि नळसाहेब पहिल्या पानावरच खुर्चीतून अर्धे उठले होते.

"अगं, ऐकलंस का? औषध दिलासा कायदा! डॉक्टरांनी लिहून दिलेलं, कायम घ्यावं लागणारं कुठलंही औषध विमा कंपनीला नाकारता येणार नाही. आणि पेशंटच्या खिशातून ठरलेल्या मर्यादेपेक्षा एक पैसा जास्त घेता येणार नाही. एक पैसा!"

"बरं झालं," त्यांची बायको शिलाई मशीनवरून म्हणाली. "चहा गार होतोय."

नळसाहेब पाणी खात्यात तक्रारीच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसत होते. हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. त्यातला 'साहेब' त्यांनी मनापासून स्वीकारला होता आणि 'नळ' मोठ्या मनाने सोडून दिला होता. बायको घरी कपडे शिवायची. सहा वर्षांपूर्वी तिच्या हातांच्या सांध्यांनी असहकार पुकारला, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन घ्यावं लागे. इंजेक्शन असलं की बोटं बोटांसारखी वागत. ते फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात राही, त्यामुळे अंडी भाजीच्या टोपलीत राहत आणि अधूनमधून भाजीत फुटत. किमतीचा तिसरा हिस्सा हे दोघं भरत आणि बाकीचा विमा कंपनी. मात्र तो तिसरा हिस्सा दरवर्षी असा वाढत होता, की पहिले दोन कुठे राहिले असा प्रश्न पडावा.

ऑफिसला जाताना नळसाहेबांनी बातमीचं कात्रण खिशात घातलं आणि चौकातल्या औषधवाल्याकडे गेले.

"दोन द्या," ते काउंटरवर कात्रण ठेवत म्हणाले. "नव्या कायद्याने."

औषधवाल्याने कात्रण वाचलं. उलटून मागची गाद्यांची जाहिरातही वाचली. मग कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करून मान हलवली. "याला अजून कळलेलं नाही."

"अहो, कायदा आहे तो!"

"असेल हो. पण मला पैसे कायदा देत नाही, कॉम्प्युटर देतो. आणि आतलं पान मी वाचलंय, दोन महिन्यांनी लागू." त्याने कात्रण परत दिलं. "पण दोन कशाला नेताय? वहिनी तर नऊ महिन्यांपासून महिन्याला एकच नेतात."

नळसाहेब काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत राहिले. मग काही न घेताच निघाले आणि ऑफिसऐवजी घरी आले. असं सव्वीस वर्षांत दोनदाच घडलं होतं, आणि पहिल्या वेळी संप होता.

"तू महिन्याला एकच घेतेस?"

"पुरतं मला."

"पुरतं? औषध आहे ते! पुरवायला काय साबण आहे?"

"तुम्ही नाही का जुनी चिप्पी नव्या वडीला चिकटवून वापरत? तसंच."

 ती तशी कधी रडगाणं गाणारी नव्हतीच. म्हणूनच त्यांना नऊ महिने पत्ता लागला नाही. पण नवऱ्याला पत्ता नसलेली गोष्ट औषधवाल्याला ठाऊक असावी हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्याच दिवशी त्यांनी एक नवी फाइल आणली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'दिलासा' असं लिहिलं, आणि हे प्रकरण आपण तडीला नेणार असं जाहीर केलं.

जाहीर केलं हेच चुकलं. इमारतीत एक गोष्ट एका मजल्यावर सांगितली की पाणी चढायच्या आधी ती वरच्या मजल्यावर पोचते. संध्याकाळी वर राहणारे बँकवाले खाली आले. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण निवृत्तीची खबर त्यांच्या आवाजाला कुणी दिलेली नव्हती.

"कंपनीशी बोलताना तोंडी काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "सगळं लेखी. आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. एक त्यांना, एक आपल्याला."

"आणि तिसरी?"

"ती असू द्यायची."

खालच्या काकूंचा सल्ला याहून सोपा होता. त्यांच्या मामेबहिणीच्या सासूने दुखऱ्या सांध्यावर मधमाशी चाववून घेतली आणि ती बाई पुढे पंधरा वर्षं जगली. बाई सांधे बरे झाल्यामुळे जगली की मधमाशीला घाबरून, हे काकूंना सांगता आलं नाही. पण मधमाशीला कोणाचा फॉर्म लागत नाही, हा त्यांचा मुद्दा नळसाहेबांना पुढे अनेकदा आठवला.

दोन महिने गेले. कायदा लागू झाला त्या दिवशी नळसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून औषधवाल्यापुढे उभे राहिले. औषधवाल्याने टाइप केलं आणि भुवया वर केल्या.

"पूर्वपरवानगी मागतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनीची परवानगी आणा. नाहीतर पूर्ण किंमत भरा."

"पण काल तर तिसऱ्या हिश्शात मिळत होतं!"

"काल मिळत होतं."

"आणि आज कायदा लागू झाला!"

"हो ना," औषधवाला सहानुभूतीने म्हणाला. "म्हणूनच."

गोष्ट अशी होती, की पेशंटकडून जास्त घेता येत नाही म्हटल्यावर कंपनीने महागड्या औषधांपुढे एक दार उभं केलं होतं आणि दाराला कुलूप घातलं होतं. यात कायद्याचा कुठेही भंग होत नव्हता. उलट कायदा होता म्हणूनच दार बांधायची वेळ आली, असं कंपनीचं म्हणणं.

नळसाहेबांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. फोनमध्ये बासरी वाजत होती. पन्नास मिनिटं ती वाजली. दर दोन मिनिटांनी एक बाई बासरी थांबवून 'तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे' असं सांगायची, आणि बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. बायको मशीनवर त्याच चालीत पाय मारू लागली. शेवटी एक खरी मुलगी फोनवर आली. गोड आवाजाची होती.

"कायदा म्हणतो नाकारता येणार नाही," नळसाहेब म्हणाले.

"सर, आम्ही नाकारलेलं नाहीये. आम्ही फक्त परवानगी दिलेली नाहीये."

नळसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. संताप तर आलाच, पण त्यांच्यातला जुना कर्मचारी आतल्या आत उठून उभा राहिला आणि त्याने या मुलीला मनोमन सलाम केला. 'अर्ज फेटाळलेला नाही, प्रलंबित आहे,' हे वाक्य त्यांनी स्वतः शेकडो लोकांच्या तोंडावर मारलं होतं. पण ते इतक्या गोड आवाजात मारता येतं, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

परवानगीचा फॉर्म सात पानी होता. पहिली सहा पानं डॉक्टरांनी भरायची होती, आणि सातव्या पानावर पहिली सहा खरी आहेत असं लिहून द्यायचं होतं. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. त्यांनी फॉर्म भरला. कंपनीचं उत्तर आलं: आधी यादीतली स्वस्त गोळी तीन महिने घ्यावी. ती अयशस्वी झाल्याचा दाखला मिळाल्यावर इंजेक्शनचा विचार करता येईल.

"ती गोळी सहा वर्षांपूर्वीच अयशस्वी झालीये!" नळसाहेब फोनमध्ये ओरडले. "पोट बिघडलं, केस गळले, हात होते तसेच राहिले!"

"त्याचा दाखला आहे का सर?"

दाखला जुन्या दवाखान्यात होता. म्हणजे असायला हवा होता. ते जुने डॉक्टर आता हयात नव्हते. दवाखाना दुसऱ्या कुणीतरी घेतला होता, पण रिसेप्शनवरची बाई तीच होती. नळसाहेबांनी तिला तारीख सांगितली, आजार सांगितला, गोळीचं नाव सांगितलं.

"जुने कागद सगळे तळघरात होते हो," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी बाहेरची पाइपलाइन फुटली आणि तळघर भरलं. सगळ्याचा लगदा झाला. फुटायच्या आधी आम्ही पाणी खात्याकडे तीन वेळा तक्रार केली होती. भिंतीतून पाणी झिरपतंय, बघून जा म्हणून. आणि लेखी उत्तर काय आलं माहितीये? 'पाहणी केली. गळती आढळली नाही.' खाली सही, शिक्का, सगळं होतं. तुम्ही कुठे असता कामाला?"

"मी... सरकारीच," नळसाहेब म्हणाले आणि छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा चांगला होता. बराच वेळ बघण्यासारखा होता.

घरी येताना ते दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. ते पत्र त्यांना स्पष्ट आठवत नव्हतं. तशी पत्रं आठवड्याला चाळीस जायची. पण सही कोणाची असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, की कागद पाण्यात गेले. 'कुणाच्या चुकीने?' असं तिने विचारलं नाही याबद्दल त्यांनी तिचे मनातल्या मनात आभार मानले.

आता तीन महिने गोळी घेऊन नापास होणं एवढंच हाती राहिलं.

या परीक्षेला सगळ्या इमारतीने हातभार लावला. "नापास व्हायला काय लागतं?" खालच्या काकू म्हणाल्या. "माझा भाऊ चार वर्षं एकाच वर्गात होता." बँकवाल्यांनी वहीत रोजच्या नोंदी ठेवायला सांगितलं आणि स्वतःच रकाने आखून दिले. नळसाहेब रोज सकाळी बायकोला हात पुढे करायला लावत, बोटांची सूज निरखत, आणि सूज वाढलेली दिसली की त्यांना एकाच वेळी आनंद आणि शरम वाटे. असला आनंद माणसाला कुठे ठेवावा हेच कळत नाही. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला तिची उजवी मूठ मिटेनाशी झाली, तेव्हा बँकवाले दारात येऊन म्हणाले, "अभिनंदन! केस भक्कम होतेय." नळसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी उत्तर न देता दार लावून घेतलं.

तीन महिने संपले. कंपनीकडून एक प्रश्नावली आली. ती रुग्णाने स्वतः भरायची होती. बायकोने डाव्या हाताने भरली, पाकिटात घातली, आणि नळसाहेब ऑफिसला गेलेले असताना स्वतःच पोस्टात टाकून आली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं.

'आपल्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा झाल्याबद्दल अभिनंदन. चालू उपचार पुरेसे असल्याने इंजेक्शनची आवश्यकता दिसून येत नाही.'

नळसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग सोबत जोडलेली प्रश्नावलीची प्रत वाचली. 'आपल्या वेदना शून्य ते दहा यांपैकी कोणत्या अंकाने दर्शवाल?' या प्रश्नापुढे डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: चार.

"चार?" त्यांचा आवाज फाटला. "चार? मूठ मिटत नाही तुझी! सकाळी कप दोन्ही हातांनी उचलतेस! आणि चार?"

"मग काय लिहू? दहा?" ती म्हणाली. "दहा म्हणजे बाळंतपण. ते मला माहितीये. हे काही तेवढं नाही."

"अगं, पण ते काय तुझ्या घरी येऊन बघणार आहेत? नऊ लिहायचं, आठ लिहायचं!"

"परक्या माणसाला कशाला सांगायचं आपलं एवढं? आणि खोटं का लिहायचं?" तिने मान खाली घातली. "आधी पाच लिहिलं होतं. मग वाटलं, जास्त होतंय."

नळसाहेब खुर्चीत बसले. सगळ्या हिशोबात त्यांनी कंपनी धरली होती, डॉक्टर धरले होते, विधिमंडळसुद्धा धरलं होतं. धरलं नव्हतं ते फक्त हे, की आपली बायको सरळ आहे. आवाज चढवल्याबद्दल त्यांना मग दिवसभर खात राहिलं. दुपारी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर ती पिठाच्या पिशवीची गाठ दातांनी सोडत होती. ते आत जाणार होते. पण आपण पाहिलं हे तिला आवडणार नाही असं वाटून ते पाय न वाजवता मागे फिरले.

आता उरलं तक्रार निवारण प्राधिकरण. हे कायद्यानेच स्थापन केलेलं होतं, आणि नळसाहेबांनी अर्ज केला तोही आपल्या उमेदीच्या काळातल्या भाषेत. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'उचित कार्यवाही व्हावी ही विनंती' पर्यंत त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. प्राधिकरणाच्या ऑफिसात नव्या रंगाचा वास येत होता आणि रांग मात्र जुनीच असावी इतकी लांब होती. खिडकीमागे एक मध्यमवयीन कर्मचारी बसला होता. त्याची रबरी अंगठ्याने पानं उलटायची पद्धत, समोरच्याकडे न बघता 'बोला' म्हणायची पद्धत, पेन कानामागे ठेवायची पद्धत, सगळं नळसाहेबांना इतकं ओळखीचं होतं की आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटून त्यांनी नकळत स्वतःच्या कानामागे हात नेला.

कर्मचाऱ्याने फाइल पाहिली. ती चांगली ठेवलेली फाइल होती, आणि हे त्याच्या लक्षात आलं हे नळसाहेबांच्याही लक्षात आलं.

"पॉलिसी नोकरीवरची आहे?"

"हो. पाणी खात्याची."

"मग खात्याचा स्वतःचा निधी असणार. औषधांचे पैसे खातं भरतं, कंपनी फक्त कागद सांभाळते. बरोबर?"

"असेल."

"मग तुम्हाला कायदा लागू नाही."

नळसाहेबांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. ते वाकून खिडकीच्या आणखी जवळ गेले.

"कलम चार, पोटकलम ग, खुलासा दोन," कर्मचारी म्हणाला. "स्वतःच्या निधीतून चालणाऱ्या योजना वगळल्यात. तुम्ही वगळलेले आहात."

"पण कायदा आल्यावरच तर औषध बंद झालं!"

"त्यांनी नियम सगळ्यांसाठीच कडक केले ना. वेगळे नियम ठेवायला त्यांना परवडत नाही."

"म्हणजे कायद्याचा त्रास मला लागू आहे आणि कायदा लागू नाही?"

कर्मचाऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली.  "असं बघायला गेलं तर हो," तो म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "माझीही योजना तसलीच आहे." आणि पुन्हा वरच्या आवाजात, "पुढचे."

त्या दिवशी नळसाहेबांनी खरोखर हात टेकले. 'दिलासा' लिहिलेली फाइल त्यांनी कपाटावर टाकली आणि दोन दिवस वर्तमानपत्र उघडलं नाही. कदाचित प्रकरण तिथेच संपलं असतं. पण इमारतीत बँकवाले होते, आणि बँकवाल्यांची आमदारांच्या मदतनिसाशी ओळख होती.

"आमदार येत्या रविवारी आपल्या भागातल्या सभागृहात येतायत," ते म्हणाले. "कायदा यांनीच आणला ना! त्यांचा सत्कार आहे. स्टेजवर एक लाभार्थी जोडपं हवंय. मी तुमचं नाव दिलं."

"पण आम्हाला लाभ झालेला नाही!"

"तेच तर सांगायचंय त्यांना! समोरासमोर! अशी संधी कोणाला मिळते?"

नळसाहेबांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट काढला. बायको आधी तयार नव्हती, पण नवरा पुन्हा खुर्चीतून ताठ उठलेला पाहून तिला नाही म्हणवलं नाही. सभागृह भरलेलं होतं. स्टेजवर त्यांना मधोमध बसवलं, मागे आमदारांचा एवढा मोठा फोटो होता की त्याच्या नाकाखाली दोघंही मावत होते. नळसाहेबांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला होता. दोन मिनिटं मिळाली तर दोन मिनिटांत, एक मिळालं तर एका मिनिटात काय बोलायचं, ते पाठ करून आले होते.

आमदार बोलले चाळीस मिनिटं. मग मदतनिसाने फुलांचा एक मोठा गुच्छ आणला. तो लाभार्थ्याने आमदारांना द्यायचा होता. गुच्छ काचेच्या जड भांड्यात होता. नळसाहेबांना धोका दिसला आणि ते "मी देतो" म्हणत उठले, पण मदतनिसाने त्यांना खांद्याने मागे सारलं. "फोटोत वहिनी हव्यात," तो म्हणाला, आणि ते भांडं त्याने सरळ तिच्या हातांत दिलं.

तिने ते कसंबसं छातीशी धरलं. दोन पावलं टाकली. मग बोटं सुटली. भांडं स्टेजवर फुटलं, पाणी आमदारांच्या बुटांवर गेलं, फुलं पसरली.

"बघा!" आमदार माइकमध्ये म्हणाले. अनुभवी माणूस होता. "आनंदाने हात थरथरतायत माउलीचे!"

टाळ्या पडल्या. मग आमदारांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. "बोला ताई, कसं वाटतंय?"

 परक्या माणसाला जी बाई पाचसुद्धा सांगत नाही, तिला आता आठशे परके लोक विचारत होते. ती खाली पडलेल्या काचांकडे बघत होती.

"हात थरथरत नाहीत," ती हळू म्हणाली. "मूठ मिटत नाही. सहा महिने औषध मिळालेलं नाही मला. कायदा झाल्यापासूनच बंद आहे."

 ती बोलत असतानाच माइकने एक लांब शीळ घातली होती. मागच्या रांगांना 'कायदा झाल्यापासून' एवढंच ऐकू आलं असावं, कारण मागून टाळ्यांची नवी लाट उठली आणि पुढच्या रांगांनीही सवयीने तिच्यात भर घातली. आमदारांनी माइक काढून घेतला. स्टेजवरून उतरताना नळसाहेबांनी त्यांना गाठून कलम चार, पोटकलम ग सांगितलं.

"असं काही आहे का त्यात?" आमदारांनी मदतनिसाला विचारलं. मदतनिसाने वहीत लिहून घेतलं. "पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणू," आमदार म्हणाले, आणि बूट पुसून घ्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. 'दिलासा मिळालेलं दांपत्य.' फोटो भांडं पडायच्या आधीचा होता. संध्याकाळपर्यंत नळसाहेबांच्या दारात सात माणसं येऊन गेली, आणि प्रत्येकाच्या हातात एक फाइल होती. तुम्हाला कसं मिळालं तेवढं सांगा. कुठला फॉर्म, कुठली खिडकी? नळसाहेब खरं सांगत. पण लोकांना वाटे हा माणूस आपली वाट दुसऱ्याला दाखवायला तयार नाही. एक गृहस्थ जाताना म्हणालेसुद्धा, "स्वतःचं झालं की संपलं, नाही का!" खालच्या काकूंनीही दोन दिवस अबोला धरला. त्यांच्या रक्तदाबाच्या महागड्या गोळ्याही पूर्वपरवानगीच्या त्याच दारात अडकल्या होत्या.

आठवड्याने नळसाहेबांनी कपाटात बॅटरी शोधताना खालच्या खणात हात घातला, तर हाताला कापड लागलं. जुन्या चादरीखाली कपड्यांचे गठ्ठे होते, प्रत्येकावर चिठ्ठी टोचलेली. शाळेच्या गायनवृंदाचे अकरा झगे, कापून ठेवलेले, न शिवलेले. कुणाचा कोट, कुणाचे पडदे. चिठ्ठ्यांवरच्या द्यायच्या तारखा सगळ्या उलटून गेलेल्या.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"परत करणारच होते," ती म्हणाली. "पण कापलेलं कापड परत कसं करायचं? आणि मास्तरीणबाईंना सांगायचं तरी काय? गाणं शनिवारी आहे मुलींचं."

नळसाहेबांनी अकरा झगे उचलले आणि मशीनजवळ आणून ठेवले. मग रजेचा अर्ज लिहिला, साधा, तीन ओळींचा, आणि मशीनच्या स्टुलावर जाऊन बसले.

"काय करताय?"

"दोरा कुठून घालायचा?"

"अहो, वेड लागलंय का? तुम्हाला बटण लावता येत नाही."

"म्हणून तर विचारतोय. कुठून?"

 ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, आणि न मिटणाऱ्या बोटाने दाखवू लागली. इथून वर, मग या कडीतून, मग खाली सुईत. सुईत दोरा घालायला वीस मिनिटं गेली. नळसाहेबांनी तीनदा बोट टोचून घेतलं आणि दोनदा मशीनचं चाक उलटं फिरवलं. दुपारी दीड वाजता, खांद्यापासून कमरेपर्यंत, पहिल्या झग्याची पहिली शिवण पूर्ण झाली. त्यांनी ती तिच्यासमोर धरली. घामाने चष्मा नाकावर घसरला होता.

ती शिवण वाटेत दोनदा डावीकडे भटकली होती, एकदा कापड सोडून बाहेरही गेली होती. बायकोने ती उजेडात धरून वरपासून खालपर्यंत पाहिली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर धंद्यातल्या माणसाचा करडेपणा आला.

"उसवा," ती म्हणाली.

"सगळी?"

"सगळी. आणि पुन्हा घाला. अजून दहा आहेत."